अकरावा रकाना

काळबादेवी, रत्नागिरी
९ जून २०२५

चि. पूर्वीस,
आशीर्वाद.

पाकिटावर हात सवयीने 'सौ.' लिहून गेला. ते पाकीट बाजूला ठेवलं आणि दुसऱ्यावर नुसतं पूर्वी लिहिलं. त्या जागी आता काय लिहायचं ते कोणाला विचारवलं नाही.

कामाचं लिहितो. पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयातून तुझ्या नावाने जाड लखोटा आला आहे. तक्रार केलीस तेव्हा तू अजून इथे होतीस, म्हणून पत्ता इथला. पोस्टमनने तो मच्छीमार सोसायटीत माझ्या हातात दिला आणि मी फोडला. फोडायला नको होता. आतले कागद सोबत जोडतो आहे. सुनावणी १८ जुलैला सकाळी साडेअकरा वाजता, व्हिडिओवर. आपल्याला पुण्याला जावं लागणार नाही. तू हजर नसलीस तर कागद बघून निकाल देतात असं लिहिलं आहे.

तू तक्रार केली होतीस हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मी ती परवा पहिल्यांदा वाचली. मला काय कळलं ते लिहितो, चुकत असेन तर सांग. गेल्या ऑगस्टात दर्शनला गर्द सोडवण्यासाठी चिपळूणला दहा दिवस ठेवलं होतं आणि ओढ थांबवायला रोज जिभेखाली ठेवायची ती गोळी तिथेच सुरू झाली. तेव्हा तो जयगड बंदरात टगबोटीवर होता आणि ठेकेदाराने सगळ्या कामगारांचा विमा काढला होता. त्यावर क्लेम केला तर कंपनीने कळवलं की व्यसनावरचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत. ते पत्र ठेकेदाराच्या ऑफिसात गेलं, तिथे चार जणांनी वाचलं, आणि पुढच्या महिन्यात दर्शनचं टगवरचं काम गेलं. एवढं मला माहीत होतं.

पुढचं माहीत नव्हतं. तू लिहिलं आहेस की २०१७च्या कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यातच दारू आणि अमली पदार्थांमुळे येणाऱ्या मानसिक अवस्था धरल्या आहेत, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजार शरीराच्या आजारासारखाच धरावा असंही त्याच कायद्यात आहे. हे तू कुठून शोधलंस? मी चोवीस वर्षं सोसायटीत विम्याचे फॉर्म भरतो आहे.

तक्रारीचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. "माझ्या पतींना आजार आहे, त्यांनी गुन्हा केलेला नाही, एवढं तरी कोणीतरी कागदावर लिहून द्यावं." तू लिहिलंस तेव्हा तो होता. आज त्याला जाऊन तीन महिने झाले.

तू सुनावणीला जा. मागे घेऊ नकोस.

इथे बंदीचा काळ आहे, होड्या वर काढल्या आहेत. आई तशीच आहे. संध्याने जावेसाठी सोडे भरून ठेवले आहेत, गुहागरला तुझ्या माहेराकडे कोणी येणारं असलं की पाठवते. सानवीला तुझ्यासारखंच वाचायचं वेड आहे असं ऐकलं. बरं आहे.

गुरुप्रसाद


काळबादेवी
२३ जून २०२५

चि. पूर्वीस आशीर्वाद.

तू संध्याला फोनवर म्हणालीस की कागदांचे नंबर तेरावरून एकदम सोळावर जातात. मधली दोन पानं पोस्टात पडली असतील असं संध्या तुला म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं होतं.

ती पानं मी काढून ठेवली होती. या पत्रासोबत पाठवतो आहे.

चौदावं पान कंपनीचं उत्तर आहे. पंधरावं पान तू ओळखशील. ऑक्टोबरात टगचं काम गेल्यावर दर्शन इथे ट्रॉलरवर इंजिनाला लागला, तेव्हा मी त्याला सोसायटीच्या विम्यात घेतलं, त्याचा तो फॉर्म आहे. विमा कंपनी तीच. त्यातल्या अकराव्या रकान्यात विचारलं आहे, 'मानसिक आजार, व्यसनाधीनता किंवा त्यावर चालू असलेले उपचार'. पुढे 'नाही' लिहिलं आहे. कंपनीचं म्हणणं असं की अर्जदाराच्या पतीनेच ऑक्टोबरात आपल्याला मानसिक आजार नाही असं लिहून दिलं आहे, मग ऑगस्टचा उपचार मानसिक आजाराचा होता हे कसं धरायचं?

म्हणजे तुझी सगळी तक्रार माझ्या त्या एका शब्दाने उलटी पडते आहे. अक्षर माझं आहे. सही तेवढी दर्शनची.

तो दिवस तुला आठवत असेल. मी पडवीत फॉर्म घेऊन बसलो होतो आणि तू चहा ठेवायला आलीस. आपल्या घरात मोठा दीर आणि धाकटी भावजय समोरासमोर बोलत नाहीत, ही आईच्या सासूपासूनची रीत. तुझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, आपण अकरा वाक्यं सरळ बोललो नसू. त्या दिवशी तू बोललीस. "दादा, अकराव्याला खरं लिहा. उद्या काही झालं तर डॉक्टरांना कळायला हवं."

मी मान वर न करता स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालो, "संध्या, तिला सांग, मी चोवीस वर्षं हे काम करतोय."

तू पण स्वयंपाकघराकडेच बघून म्हणालीस, "ताई, त्यांना सांगा, मी पण त्यांच्या भावाचा घाम चार वर्षं पुसतेय."

संध्या आतून म्हणाली, "मी भाकऱ्या थापतेय. तुमचं तुम्ही बघा."

मी 'नाही' का लिहिलं ते तुला सांगायला हवं. २०११ साली एका खलाशाच्या फॉर्मवर मी मधुमेह 'होय' लिहिलं. त्याचा फॉर्म परत आला, आणि त्याच पावसाळ्यात त्याचा पाय कापावा लागला. खर्च घरच्यांनी दागिने मोडून केला. तेव्हापासून मी एकाही फॉर्मवर 'होय' लिहिलेलं नाही. कोणाला विचारतही नाही. खलाशी होडीवर असतात, आधार कार्डाची झेरॉक्स पाठवतात. मी अकराच्या अकरा रकान्यांत एका ओळीत 'नाही' लिहीत खाली येतो आणि सहीपुरता कागद जेट्टीवर पाठवतो. लोक म्हणतात गुरूच्या हातचा फॉर्म कधी परत येत नाही. मला त्याचं बरं वाटायचं.

मागच्या आठवड्यात कपाटातून सोसायटीच्या पॉलिसीचं पुस्तक काढलं. इंग्रजीत आहे, तीन वर्षं तसंच पडून होतं. दोन दिवस बसून वाचलं. २०२२पासून आपल्या ग्रुप पॉलिसीत जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले आहेत. 'होय' लिहिलं असतं तरी फॉर्म परत आला नसता.

तुझ्या फॉर्मची भानगड मी आमच्या चेअरमनना, काशीरामतात्यांना सांगितली. सुनावणीत जाऊन 'नाही' मीच लिहिलं असं सांगणार म्हटलं. ते हसले.

"गुरू, एवढ्या वर्षांनी खरं बोलायचे डोहाळे लागले काय रे तुला?"

"दर्शनने लिहिलेलं नाही ते. त्याच्या नावावर ते राहू नये."

"तो गेला. त्याच्या नावावर काय नि माझ्या नावावर काय. तू एक सांगशील नि ते म्हणतील, बाकीच्यांचे फारम कोणी भरले? दारूला शिवत नाय असा एक खलाशी दाखव, मी त्याला पाटावर बसवून ओवाळतो. एकशे चाळीस घरं आहेत बाबा त्या पॉलिसीवर."

त्यांचं म्हणणं खोटं नाही. मी अजून ठरवलेलं नाही. पण पानं तुझी आहेत, म्हणून पाठवली.

गुरुप्रसाद


काळबादेवी
४ जुलै २०२५

चि. पूर्वीस आशीर्वाद.

मंगळवारी पोलीस स्टेशनला गेलो होतो. आकस्मिक मृत्यूची चौकशी बंद करायची म्हणून बोलावलं होतं. हवालदार सह्या घेत असताना तुझा जबाब फाइलीत वर होता. मी वाचला. हल्ली मी तुझं सगळंच न विचारता वाचतो असं तुला वाटेल.

तू लिहून दिलं आहेस, "मी मुलीला घेऊन माहेरी राहिल्यामुळे त्यांच्या गोळीकडे लक्ष द्यायला कोणी उरलं नाही व त्यांनी ती सोडली. मी सोबत असते तर असं झालं नसतं."

हे खरं नाही. खरं काय ते मला माहीत आहे आणि ते लिहायला मी चार महिने लावले.

आधी तू का गेलीस तिथून सुरू करतो. तू रोज सकाळी त्याच्या जिभेखाली गोळी ठेवायचीस आणि ती विरघळेपर्यंत समोर बसून राहायचीस. आई म्हणायची, "नवऱ्याला रोज सकाळची भांग पाजते ही बाय." मी आईला गप्प केलं नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. एक नशा सोडून दुसरी धरली, असं. फॉर्मच्या दिवसानंतर मी संध्याकडून निरोप दिला की या घरात गोळीचा विषय नको. दिवाळीच्या सुट्टीत तू सानवीला घेऊन गुहागरला गेलीस ती परत आली नाहीस. जाताना संध्याच्या हातात डबी दिलीस आणि म्हणालीस, "ज्यांना 'नाही' लिहायचंय त्यांनीच सांभाळा आता." तू त्याला टाकून गेलीस असं गावात झालं. तू माझ्यामुळे गेलीस हे मी कोणाला सांगितलं नाही.

तरी संध्याने गोळी सांभाळली, हे तिच्या बाजूने सांगतो. फेब्रुवारीपर्यंत एक दिवस चुकला नाही. रविवारी तो तुमच्याकडे यायचा तेव्हा ती कागदात बांधून द्यायची.

चार फेब्रुवारीला जेट्टीच्या पायरीवर शेवाळावरून त्याचा पाय सटकला आणि नडगीचं हाड मोडलं. रत्नागिरीच्या हॉस्पिटलात मी नेलं. कॅशलेसचं कार्ड माझ्याकडे होतं. एक तरुण डॉक्टर फॉर्म घेऊन आला. त्याने दर्शनला विचारलं, "नेहमीची काही औषधं चालू आहेत? काही व्यसन?"

दर्शनने माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "नाही."

डॉक्टरने लिहिलं. एवढंच झालं. भूल देणाऱ्या बाई आल्या, त्यांनीही विचारलं आणि मी तेच सांगितलं. माझ्या डोक्यात सोसायटीचा फॉर्म होता. तिथे 'नाही' आहे, इथे 'होय' झालं तर दोन कागद जुळणार नाहीत, क्लेम अडेल, आणि सोसायटीचा फॉर्म कोणी भरला हे निघेल. गोळ्यांची डबी मी घरीच ठेवायला लावली. सिस्टर कपाट तपासतात म्हणून.

अकरा दिवस तो तिथे होता. दुसऱ्या दिवशी जांभया सुरू झाल्या, मग नाक गळायला लागलं, अंगावर काटा, चांगला पाय सारखा हलत राहायचा. डॉक्टरांना वाटलं जखमेत काही झालं, त्यांनी रक्त तपासलं. रिपोर्ट चांगले आले. त्यांनी काय करायचं? त्यांना जे सांगितलं त्यावरच ते उपचार करत होते. आठव्या दिवशी तो शांत झाला आणि भात-सार मागून जेवला. मला वाटलं, सुटली गोळी. घरी येऊन आईला तसं सांगितलं आणि तिने देवळात नारळ ठेवला. क्लेमही पूर्ण मंजूर झाला. पूर्वी, त्या दिवशी मी खूश होतो. हे लिहायला हवं म्हणून लिहितो.

सानवीला कांजिण्या आल्या होत्या, तू येऊ शकत नव्हतीस. पाचव्या दिवशी तू संध्याला फोन केलास. मी शेजारी होतो. तू विचारलंस, "ताई, गोळी चालू आहे ना?" संध्याने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती म्हणाली, "हो गो, चालू आहे." तिला दोष देऊ नकोस. मान माझी हलली.

नंतर तू भेटायला आलीस तेव्हा दर्शन तुला म्हणाला, "घरी आल्यावर मीच सोडली. बरा आहे आता." तू त्याला लगेच चिपळूणला न्यायला निघालीस आणि मी संध्यामार्फत सांगितलं की पाय अजून कच्चा आहे, महिन्याने बघू. त्याने तुला खोटं सांगितलं ते माझ्यासाठी. तो गेला ते त्यानंतर पंधरा दिवसांनी.

काल मी हॉस्पिटलची फाइल घेऊन चिपळूणच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "गोळी चालू असेपर्यंत शरीराला सवय असते. ती महिनाभर बंद राहिली की शरीर सवय विसरतं, पण माणूस आपलं गर्दचं जुनं माप विसरलेला नसतो. तेवढंच घेतो आणि श्वास थांबतो. दुखत असेल पाय, किंवा मन. एकदाच घेतलं असेल."

मी विचारलं, "हॉस्पिटलला सांगितलं असतं तर?"

"त्यांनी मला फोन केला असता. गोळी चालू ठेवूनही ऑपरेशन करता येतं."

परत येताना रेल्वेने आलो. रत्नागिरी कधी आली ते कळलं नाही.

तू पोलिसांना लिहून दिलेलं बदलून घे. तू गेलीस म्हणून तो गेला नाही. तू होतीस तोवर तो जगत होता. गोळी मी थांबवली. मी हे वेगळ्या कागदावर सहीनिशी लिहून जोडलं आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव. तुला ते पोलिसांत द्यायचं असेल तरी माझी तक्रार नाही.

सुनावणीला मी हजर राहणार आहे.

गुरुप्रसाद


काळबादेवी
१८ जुलै २०२५

पूर्वी,

सुनावणी संपून दोन तास झाले. तूही तिथे होतीस, त्यामुळे हे लिहायची गरज नाही, पण मला तिथे नीट बोलता आलं की नाही ते कळत नाही.

मी सोसायटीच्या ऑफिसातून बोललो. संध्याने मोबाइल वह्यांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला होता. पलीकडे काशीरामतात्या खुर्ची घेऊन बसले होते, तुला ते दिसले नसतील. लोकपाल मॅडमनी विचारलं, फॉर्मवर सही कोणाची. मी म्हणालो, दर्शनची. मजकूर? माझा. त्यांना विचारून लिहिला? नाही, मी कोणालाच विचारून लिहीत नाही. कंपनीचा तो मुलगा म्हणाला, "म्हणजे सोसायटीकडून खोटी माहिती दिली जाते?" मी म्हणालो, "दिली गेली. मी दिली. खलाशांनी नाही."

मग माझा आवाज तुटायला लागला असावा. तू म्हणालीस, "दादा, तुमचं नीट ऐकू येत नाहीये. मोबाइल जवळ घ्या." तू हे सरळ माझ्याशी बोललीस. मी मोबाइल हातात घेतला आणि तोंडाजवळ धरून परत पहिल्यापासून सांगितलं.

तू जे बोललीस ते मला बोलता आलं नसतं. कंपनीचा मुलगा म्हणाला की व्यसन माणूस स्वतः लावून घेतो. तू आवाज न चढवता म्हणालीस, "साहेब, पहिली कॅप्सूल त्यांना कंबर धरली तेव्हा डॉक्टरांनीच लिहून दिली होती. चार महिने चालली. पुढे मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिली. मग ती पुरेना. यात स्वतःचं कुठून सुरू झालं ते मला दाखवा, मी तेवढं सोडून देते." मॅडम लिहीत होत्या.

संपल्यावर तात्या उठले आणि कपाटाच्या किल्ल्या मागितल्या. मी दिल्या. म्हणाले, "आता तू फारम भरू नको. रागाने नाय सांगत. कंपनीने विचारलं तर सांगायला बरं, की माणूस बदलला." दारापर्यंत जाऊन परत वळले. "पण नवीन माणसाला सांगून ठेव, पुस्तक कसं वाचायचं ते." यापुढे मी होड्यांवर जाऊन प्रत्येकाला अकरा प्रश्न विचारायचे, आणि सोसायटीत माझ्या जागी येणारी नवीन मुलगी लिहील, असं ठरलं आहे. आज दुपारी पहिल्याला विचारलं, बाळा नावाचा जाळंवाला आहे. अकराव्यावर त्याने विचारलं, "खरं सांगायचं की तुम्हाला चालेल ते?" मी म्हणालो, खरं.

आईला काल सगळं सांगितलं. ती उठून आत गेली. आज सकाळी मला चहा दिला नाही, संध्याला दिला.

गुरुप्रसाद


काळबादेवी
१२ ऑगस्ट २०२५

पूर्वी,

निकालाची प्रत मिळाली. तुलाही मिळाली असेल. सातव्या परिच्छेदात त्यांनी लिहिलं आहे की दर्शनला झालेला त्रास कायद्याच्या व्याख्येप्रमाणे मानसिक आजारात मोडतो आणि ऑक्टोबरचा फॉर्म त्याच्याविरुद्ध धरता येत नाही. चिपळूणचे दहा दिवस कंपनीने मान्य करायचे आहेत. तुला जे कागदावर हवं होतं ते आहे. मी ते आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "म्हणजे ताप आल्यासारखं?" मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "मग मी त्याला पोटभर बोलले त्याचं काय?"

आठवा परिच्छेदही तू वाचला असशील. रोजच्या गोळीचा तू मागितलेला खर्च त्यांनी नामंजूर केला आहे. ॲडमिट न होता घेतलेलं औषध पॉलिसीत येत नाही, त्यात त्यांना हात घालता येत नाही म्हणतात. दहा दिवसांची खाट कागदात बसली. ज्या गोळीवर तो सहा महिने उभा होता ती अजून कुठेच बसत नाही. तू पुढे लढणार असशील तर कळव. झेरॉक्स, टायपिंग, जे सांगशील ते करीन.

आता तुझं कार्ड. ते २२ जुलैला आलं आणि तीन आठवडे माझ्या चष्म्याच्या घरात आहे. तू एकच ओळ लिहिली आहेस. "दादा, हॉस्पिटलमध्ये त्यांनी गोळी मागितली होती का?"

तुला आधी सगळं लिहिलं त्यात हे लिहिलं नव्हतं. विसरलो नव्हतो.

मागितली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी. सिस्टर बाहेर गेली तसं हळू आवाजात म्हणाला, "दादा, ती गोळी आणशील?" मी म्हणालो, "क्लेम होऊ दे. चार दिवस काढ." तो "बरं" म्हणाला. मला त्याने लहानपणापासून कधी उलट उत्तर दिलं नाही.

पाचव्या दिवशी परत मागितली. तेव्हा चादर अंगाखाली भिजली होती. म्हणाला, "तुला त्रास नको. पूर्वीला फोन लाव. तिला फक्त सांग, ती आणेल. ती कोणाला काही सांगत बसणार नाही." मी म्हणालो, सानवीला बरं नाही, ती कशी येईल. तो म्हणाला, "ती येईल रे. लाव तर खरं."

त्याचा फोन ऑपरेशनच्या सकाळपासून माझ्या शर्टाच्या खिशात होता. मी त्याला सांगितलं, चार्जिंग संपलंय.

संपलं नव्हतं. त्या दुपारी तुझे त्यावर दोन फोन येऊन गेले होते.

गुरुप्रसाद